काउंटरवर 'हजार रुपये जास्त द्या' म्हणतात तेव्हा: हॉटेलातली वरची खोली आणि तिचं गणित

इंदूरच्या मराठी माणसावर स्वतः हॉटेलात राहायची वेळ क्वचित येते, पण दुसऱ्यांसाठी हॉटेल बघून ठेवायची वेळ बारा महिने येते. पुण्या-नाशिकचे नातेवाईक महाकाल आणि ओंकारेश्वर करायला निघाले की मुक्काम इंदूरला ठरलेला, आणि राजेंद्रनगर-सुदामानगरच्या फ्लॅटमध्ये आठ माणसं मावत नाहीत. मग खोल्या बुक होतात, मंडळी हॉटेलात पोचतात आणि काउंटरवरूनच फोन येतो, "अरे, हे म्हणतायत हजार रुपये जास्त दिले तर मोठी खोली देतो. घेऊ का?"

कधी घ्यावी, कधी सोडून द्यावी. पण तो हजाराचा आकडा कुठून येतो हे एकदा कळलं की फोन करायची गरज उरत नाही, आणि बऱ्याचदा आकडाही खाली येतो.

आधी खोल्यांच्या नावांचा पसारा बाजूला करू. डीलक्स, सुपीरियर, प्रीमियम, क्लब, एक्झिक्युटिव्ह, स्वीट ही नावं प्रत्येक हॉटेल आपल्या मर्जीने ठेवतं. एका हॉटेलात 'डीलक्स' म्हणजे सगळ्यात खालची पायरी, तर दुसरीकडे तीच मधली. नावाला भुलू नये. लक्षात ठेवायचं ते एवढंच की सगळ्यात खालच्या प्रकारच्या खोल्या सर्वाधिक असतात, त्याच आधी विकल्या जातात, आणि वरच्या मोजक्या खोल्या संध्याकाळपर्यंत अनेकदा रिकाम्या राहतात.

पडदा वर गेल्यावर नाट्यगृहातली रिकामी खुर्ची कोणाला विकता येत नाही, तसंच आजच्या रात्रीच्या खोलीचं. उद्याची रात्र हा वेगळा माल झाला. शिवाय तुम्ही खालच्या खोलीत झोपलात काय किंवा वरच्या खोलीत, हॉटेलच्या खर्चात फार फरक पडत नाही. चादरी, टॉवेल, थोडी जास्त वीज आणि साफसफाईला लागणारी काही जास्तीची मिनिटं, बस. इमारत, कर्ज, पगार हे सगळं खोली रिकामी असली तरी चालूच असतं. म्हणून वरच्या खोलीपोटी तुमच्याकडून आलेले हजार रुपये हॉटेलसाठी जवळजवळ निव्वळ नफा असतात.

मग सगळ्यांनाच स्वस्तात का देत नाहीत? कारण ही गोष्ट पसरली की वरची खोली पूर्ण भावाने कोणीच घेणार नाही. सगळे खालची बुक करतील आणि काउंटरवर येऊन हात पसरतील. म्हणून ही सवलत कुठे फलकावर लिहिलेली दिसत नाही. ती त्या दिवशी, त्या तासाला, समोरच्या माणसापुरती असते.

हा हिशेब हॉटेलांनी विमान कंपन्यांकडून उचलला. 1972 साली ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला: स्वस्तात मागणाऱ्याला सीट द्यायची की राखून ठेवायची हे ठरवताना, राखून ठेवलेली सीट पूर्ण भावाने विकली जाण्याची शक्यता किती, ते बघा. पूर्ण भाव गुणिले ती शक्यता, यापेक्षा समोरचा माणूस जास्त देत असेल तर देऊन टाका. पुढे 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अशाच हिशेबांवर आधारलेली स्वस्त भाड्यांची योजना बाजारात आणली, आणि मग मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ही पद्धत आपलीशी केली.

हाच नियम आपल्या काउंटरवर लावून बघू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. वरच्या खोलीचा भाव 10,000, तुमची खालची खोली 6,800 ची. म्हणजे फरक 3,200. दुपारी बारा वाजता ती वरची खोली आज पूर्ण भावाने जाण्याची शक्यता निम्मी असेल, तर हॉटेलच्या लेखी तिची किंमत 5,000. तुमच्या हजारासाठी मॅनेजर ती का मोडेल? पण रात्री साडेआठला, विमानं उतरून गेल्यावर, ती शक्यता दहात एक उरली की तीच खोली हॉटेलच्या लेखी 1,000 ची होते. शिवाय तुम्ही वर गेलात की तुमची खालची खोली मोकळी होते, आणि ऐनवेळी येणारा माणूस बहुतेक वेळा खालचीच मागतो. आता तुमचे हजार रुपये नाकारणं मूर्खपणाचं ठरेल. दुपारी 'नाही' म्हणणारं हॉटेल रात्री स्वतःहून विचारतं ते याच कारणाने. माणसं तीच असतात, शक्यता बदललेली असते.

या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. काही जण ऐनवेळी येत नाहीत हे गृहीत धरून हॉटेलं खालच्या प्रकारच्या खोल्या थोड्या जास्तच विकतात. सगळेच आले तर कोणाला तरी वर ढकलावंच लागतं, मग ते फुकट का असेना. त्या संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीच्या स्क्रीनवर खालच्या खोल्या उणे दोन दाखवत असतात आणि ती तुम्हाला हसून विचारते, "सर, अपग्रेड में इंटरेस्टेड हैं?" दोघांना तर ती वर पाठवणारच आहे. कोणी पैसे देऊन गेलं तर तिचं भलं, कारण अनेक हॉटेलांत अशा विक्रीवर काउंटरच्या लोकांना इन्सेंटिव्ह मिळतो. तिच्या आग्रहाचा राग धरू नये, पण तो फुकटचा पाहुणचार आहे असंही समजू नये.

आणि हा भाव काउंटरवरच का हलतो, ॲपवर का नाही? ॲपवरून आलेल्या बुकिंगवर हॉटेल कमिशन देतं, ते 15 ते 25 टक्क्यांच्या घरातही जातं. काउंटरवर घेतलेल्या वाढीव पैशांत त्या ॲपचा वाटा नसतो. शिवाय ॲप कंपन्या हॉटेलांशी करार करत आल्या की आमच्यापेक्षा कमी भाव दुसरीकडे दाखवायचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223 कोटींहून जास्त दंड केला, त्यामागे या अटीही होत्या. जाहीर भाव असा बांधलेला असला, तरी समोर उभ्या असलेल्या पाहुण्याला तोंडी सांगितलेला भाव कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे कर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात (हे नव्वद टक्के माझ्या नातेवाईकांपैकी, देशाचे नव्हेत).

22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा आहे: एका दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्यावर गेलं तर 18 टक्के. आधी खालचा दर 12 टक्के होता, त्यामुळे पायरी ओलांडल्याचा फटका इतका जाणवत नव्हता. आता ती पायरी चांगलीच उंच झाली आहे. आणि 18 टक्के लागतात ते 7,500 च्या वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण भाड्यावर. हॉटेलच्या बोर्डावर खोलीचा भाव काय लिहिलाय याला अर्थ नाही. प्रत्यक्षात किती आकारलं यावर दर ठरतो.

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून आत्या आणि काका आले होते. विजयनगरच्या बाजूला हॉटेल, एका रात्रीसाठी खोली 6,800 ची, रविवारची संध्याकाळ. मी सामान घेऊन मागे उभा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, क्लब रूम में अपग्रेड कर दूँ? सिर्फ़ थाउज़ंड एक्स्ट्रा।"

आत्या चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिने पर्स काउंटरवर ठेवली. "उसमें ज़्यादा क्या है?"

"सिटी व्ह्यू है मॅम।"

"सिटी तो अभी रिक्शा से देखी।"

मुलगी हसली. खोली मोठी आहे, चहा-कॉफीचं चांगलं मशीन आहे, बाथटब आहे, असं तिने सांगितलं. 'बाथटब' म्हणताना तिचा आवाज जरा चढला. आत्याने काकांच्या गुडघ्यांकडे बघितलं. "टब में चढ़के नहाना पड़ेगा? फिर बिना टब वाला दिखाओ।" क्लबच्या मजल्यावर एक साध्या शॉवरची खोली निघाली. मग आत्याचा खरा प्रश्न आला, "टैक्स मिलाके कितना?"

मुलीने कॅल्क्युलेटर काढला. मूळ खोली 6,800 आणि 5 टक्के कर 340, एकूण 7,140. अपग्रेडसह 7,800 आणि 18 टक्के म्हणजे 1,404, एकूण 9,204. 'सिर्फ़ थाउज़ंड' प्रत्यक्षात 2,064 झाले होते. तिला स्वतःलाही ते नवीन असावं, कारण तिने पुन्हा एकदा आकडे टाकून बघितले.

आत्या म्हणाली, "सात सौ लो। साढ़े सात में बैठ जाएगा।" 6,800 अधिक 700 म्हणजे बरोबर 7,500, आणि बरोबर 7,500 ला 5 टक्केच लागतात. एकूण 7,875. हॉटेलला 300 कमी मिळणार, पण पाहुण्याचे 1,329 वाचणार. मुलगी आत ड्युटी मॅनेजरला विचारून आली आणि मान हलवली. आत्याला क्लब रूम मिळाली ती 735 रुपयांत.

प्रत्येक हॉटेल हे ऐकेलच असं नाही. पण 6,500 ते 7,500 च्या दरम्यान खोली बुक केली असेल तर हा आकडा डोक्यात ठेवूनच काउंटरवर जावं. भाडं आधीच 7,500 च्या वर असेल तर वाढीव हजारावर 180 रुपये कर, संपलं. आणि 5,000 च्या खोलीवर हजार वाढले तर एकूण फरक 1,050. पायरीजवळ उभं असलेल्यालाच जपून पाऊल टाकायचंय. तरीही 'करासकट, एका रात्रीचे की सगळ्या मुक्कामाचे, किती?' हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा. तीन रात्रींचा मुक्काम असला आणि बोलण्यात 'पर नाइट' हळूच गाळलं गेलं, की बिलाच्या वेळी तोंड पडतं.

वेळेबद्दल बोलायचं तर इंदूर मुळात धंद्याचं गाव. सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसं, म्हणून बिझनेस हॉटेलांत रविवारची रात्र सगळ्यात सैल असायची. ऑक्टोबर 2022 मध्ये उज्जैनला 'महाकाल लोक' हा मंदिराभोवतीचा नवा परिसर सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारचं चित्र बदललंय, कारण 55 किलोमीटरवरच्या उज्जैनची गर्दी इथे झोपायला येते. तरी रविवारी रात्री, दर्शन करून लोक परतल्यावर, अजून संधी असते. अपवाद श्रावणाचा. आणि इथे महाराष्ट्रातून येणारे हमखास चुकतात: इकडचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, म्हणजे आपला श्रावण सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच. पुण्यात अजून आषाढ असतो आणि उज्जैनला महाकालाची सवारी निघालेली असते. त्या सोमवारांच्या आदल्या रात्री अपग्रेड विसरा, मिळाली ती खोली गोड मानून घ्या.

होळकर स्टेडियमवर सामना, देवउठनी (आपल्या कार्तिकी) एकादशीनंतरची लग्नसराई, मोठी संमेलनं, या दिवसांतही तेच. जानेवारी 2023 मध्ये प्रवासी भारतीय दिवस आणि त्याला लागूनच गुंतवणूकदारांची परिषद होती, तेव्हा पाहुण्यांना शहरातल्या लोकांच्या घरांमध्ये उतरवायची वेळ आली होती. 2028 च्या उज्जैनच्या सिंहस्थात काय होईल ते सांगायलाच नको.

लग्नाच्या दिवसांत मात्र उलटंही घडतं. वधू-वर पक्ष खालच्या खोल्यांचा गठ्ठा उचलतो, मग इतर पाहुण्यांना वर सरकवावं लागतं. पण अशा वेळी "लॉन किस तरफ़ है?" एवढं विचारल्याशिवाय हो म्हणू नका. रात्री एकपर्यंत डीजे खिडकीखाली वाजणार असेल तर क्लब रूमचा काय उपयोग.

सकाळच्या गाडीने येणाऱ्यांना मी एक वेगळाच सल्ला देतो. मुंबईची मंडळी अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी इंदूरला उतरतात आणि चेक-इन असतं दुपारी बारा किंवा दोनला. खालच्या खोल्यांमध्ये आदल्या रात्रीचे पाहुणे अजून झोपलेले असतात. पण वरची एखादी खोली रात्री रिकामीच राहिलेली असते, म्हणजे ती स्वच्छ, तयार. अशा वेळी नुसतं 'लवकर खोली द्या' म्हणण्यापेक्षा 'वरची तयार असेल तर किती घ्याल, आणि आत्ताच मिळेल का?' असं विचारा. लॉबीच्या सोफ्यावर पेंगण्याचे चार तास वाचतात, त्यामुळे इथे हजार रुपये रात्रीच्या हजारापेक्षा जास्त वसूल होतात.

एका रात्रीच्या मुक्कामाला अपग्रेड सहज मिळतो, चार रात्रींना अवघड, कारण ती खोली चारही रात्री मोकळी असायला हवी. आणि तुमच्या आधी काही जण रांगेत असतातच. मॅरियट बॉन्व्हॉयसारख्या योजनांत वर्षाला 25 रात्री राहणाऱ्याला गोल्ड आणि 50 रात्रींवाल्याला प्लॅटिनम दर्जा मिळतो, आणि खोली शिल्लक असेल तर ते फुकट वर जातात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

विचारायचं कसं? मागे पाच जण सुटकेस घेऊन उभे असताना नव्हे. काउंटर रिकामं होऊ द्या, आणि ओळखपत्र देता देता सरळ विचारा, "वरची खोली असेल तर करासकट किती?" पुढे गप्प राहा. आकडा समोरून येऊ द्या. "आज लग्नाचा वाढदिवस आहे" ही थाप काउंटरने हजारदा ऐकलेली असते. खरंच असेल तर जरूर सांगा, केक तरी येईल. अमेरिकेत लास व्हेगासला ओळखपत्र आणि कार्डाच्या मध्ये वीस डॉलरची नोट सरकवायची युक्ती प्रसिद्ध आहे. इथे तिच्या वाटेला जाऊ नये. समोरच्याची नोकरी धोक्यात, आणि खोली बदलली नाही तर तक्रार करायला तुमच्या हातात कागद नाही.

हल्ली मोठी हॉटेलं येण्याआधी दोन-चार दिवस ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर अपग्रेडची ऑफर पाठवतात, काही तर बोली लावायला सांगतात. तो आकडा जपून ठेवा, पण लगेच घेऊ नका. गर्दीचे दिवस नसतील तर काउंटरवर त्याहून कमी होण्याची शक्यता असते. बोली लावली आणि ती स्वीकारली गेली, तर साधारणपणे मागे फिरता येत नाही, हे आधी वाचून घ्या.

ठरलं की रजिस्ट्रेशन कार्डावर सही करण्याआधी त्यावर खोलीचा प्रकार आणि नवा भाव लिहिलेला बघा. ॲपवर आधीच पैसे भरले असतील तर फक्त फरकाचं बिल हॉटेलकडून घ्यायचंय, पूर्ण भाडं पुन्हा लागत नाही ना ते तिथेच तपासा. कंपनीच्या खर्चाने राहत असाल तर फरक आपल्या कार्डावर, वेगळ्या बिलात. आणि शक्य असेल तर पैसे देण्याआधी खोली बघून या. दोन वेगळे पलंग हवे असताना वरच्या प्रकारात एकच मोठा पलंग असतो, हे वर गेल्यावर कळण्यात मजा नाही.

सरवटे बसस्टँड किंवा छोटी ग्वालटोलीच्या लॉजवर यातलं काहीच लागत नाही. तिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो, एसी आणि नॉन-एसी एवढेच दोन प्रकार, आणि "भिया, देख लो, दो सौ में एसी कर दो" इतकं पुरतं.

महाकालाच्या भस्म आरतीला जाणारे पाहुणे मात्र दर वेळी उगाच मोठी खोली घेतात. आरती पहाटे चारची, उज्जैनला त्याच्या बरंच आधी पोचायचं, म्हणजे इंदूरहून रात्री एकच्या सुमारास निघायचं. दहाला जेवून अंग टाकलं की उठायची वेळ झाली. त्या रात्री सगळ्यात स्वस्त खोली घ्या आणि काउंटरवर अपग्रेडऐवजी दुसऱ्या दिवसाचा लेट चेक-आउट मागा, शक्यतो दुपारी दोन-तीनपर्यंतचा. खोली लगेच कोणाला द्यायची नसेल तर तो फुकटही मिळतो, आणि सकाळी दर्शन करून परतल्यावर झोप काढायला तीच खोली उपयोगी पडते.